विश्लेषण : अमेरिकेतील कृष्णवर्णीय महिलांना स्वतःचे केस महाग का पडतात?

केस सरळ करणाऱ्या रसायनांवरील आरोग्यविषयक आक्षेप, वेण्यांसाठीच्या कृत्रिम केसांत सापडलेले शिसे आणि वाढलेले आयातशुल्क यांमुळे अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय महिला पुन्हा नैसर्गिक केसांकडे वळत आहेत. कमी पैशांत अशा केसांची निगा राखणे शक्य आहे. मात्र तसे केस घेऊन शाळेत वा नोकरीवर जाण्याची मुभा सर्वांना सारखी नाही.

चर्चा आता कशासाठी?

अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये वेण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम केसांच्या १० उत्पादनांची तपासणी केली. दहाही नमुन्यांत कर्करोगाशी संबंध असलेली रसायने आढळली, तर नऊ नमुन्यांत शिसे आढळले. हे केस कृष्णवर्णीय महिला आणि लहान मुली आठवडेच्या आठवडे डोक्यावर वागवतात. त्याच वर्षी ट्रम्प प्रशासनाने आयातशुल्क वाढवल्याने बहुतांशी परदेशातून येणाऱ्या या मालाच्या किमतीचा प्रश्नही पुढे आला. केस सरळ करणाऱ्या रसायनांबाबतचे हजारो दावे त्याआधीच शिकागोच्या फेडरल न्यायालयात दाखल झाले होते. परिणामी ‘आपले केस आहेत तसे ठेवले तर?’ हा जुना प्रश्न नव्याने विचारला जात आहे.

या प्रश्नाला उत्पन्नाची बाजूही आहे. अमेरिकी जनगणना विभागाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार कृष्णवर्णीय कुटुंबांचे मध्यम वार्षिक उत्पन्न ५६,४९० डॉलर होते, तर हिस्पॅनिकेतर गौरवर्णीय कुटुंबांचे ८९,०५० डॉलर. फेडरल किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबले आहे. सलूनमध्ये वेण्या घालण्याचे बिल २०० डॉलर धरले, तर किमान वेतनावरील महिलेला त्यासाठी सुमारे २८ तास काम करावे लागते. गरिबांना मिळणाऱ्या ‘स्नॅप’ या सरकारी अन्नसाहाय्यातून शाम्पू वा साबण घेता येत नाही. त्यामुळे केसांचा खर्च थेट घरभाडे आणि वीजबिलाच्या पैशांतून होतो.

या केसांचे वेगळेपण काय?

आफ्रिकी वंशाच्या लोकांचा केस साधारणतः चपटा, लंबगोलाकार छेदाचा असतो आणि तो मुळापासूनच घट्ट वळणे घेत वाढतो. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, पण वळणावळणाच्या केसावर ते टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून टाळू तेलकट असली तरी केसांची टोके कोरडी राहतात. प्रत्येक वळण हा केसाचा कमकुवत बिंदू असतो. कोरड्या केसात फणी जोरात ओढली की तो तिथेच तुटतो. ‘आमचे केस वाढतच नाहीत’ ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते. केस वाढत असतात, पण जितके वाढतात तितकेच टोकाकडून तुटत असतात. शिवाय ओले असताना खांद्यापर्यंत येणारे केस वाळल्यावर आक्रसून कानापाशी येतात, त्यामुळे वाढ डोळ्यांना दिसत नाही.

म्हणजेच या केसांची मुख्य गरज दोनच गोष्टींची : ओलावा टिकवणे आणि ओढाताण टाळणे. दोन्हींसाठी महागडी उत्पादने अनिवार्य नाहीत. तरीही या केसांभोवती खर्चाचा डोंगर उभा राहिला, त्याचे कारण केसांपेक्षा समाजाच्या अपेक्षांत अधिक आहे.

केस सरळ करण्याचा दबाव कुठून आला?

गुलामगिरीच्या काळापासून अमेरिकेत कुरळ्या केसांना ‘अव्यवस्थित’ ठरवले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅडम सी. जे. वॉकर यांच्यासारख्या कृष्णवर्णीय उद्योजिकांनी टाळूची निगा आणि केशप्रसाधनांचा मोठा व्यवसाय उभारला. या बाजारपेठेने हजारो महिलांना रोजगार दिला, पण सरळ केस म्हणजे नीटनेटकेपणा हे समीकरणही रुळत गेले. पुढे रासायनिक ‘रिलॅक्सर’ घरोघरी पोहोचले. १९६० च्या दशकातील नागरी हक्क आणि ‘ब्लॅक पॉवर’ चळवळींनी ‘ॲफ्रो’ केशरचनेला अभिमानाचे प्रतीक बनवले. कार्यालये आणि शाळांचे नियम मात्र त्या वेगाने बदलले नाहीत.

स्वस्त रिलॅक्सर महाग का पडतो?

घरी वापरायच्या रिलॅक्सरचा डबा सलूनच्या तुलनेत अगदी स्वस्तात मिळतो. त्यातील सोडियम हायड्रॉक्साइड किंवा तत्सम तीव्र अल्कली केसातील प्रथिनांचे बंध तोडते, म्हणून केस सरळ होतो. पण मुळाशी नवा केस कुरळाच उगवतो. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी तीच प्रक्रिया पुन्हा करावी लागते. रसायन जास्त वेळ राहिले तर टाळू भाजते आणि केस तुटतात. मग तुटलेले केस झाकण्यासाठी विग वा गंगावन आणि त्यासाठी पुन्हा खर्च, असे चक्र सुरू होते.

आरोग्याचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३३ हजारांहून अधिक महिलांचा सुमारे ११ वर्षे मागोवा घेण्यात आला. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या महिलांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अनुमानित प्रमाण १.६४ टक्के होते. वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये ते ४.०५ टक्के होते. असा अभ्यास संबंध दाखवतो, थेट कारण सिद्ध करत नाही, आणि हा कर्करोग तुलनेने कमी आढळणारा आहे. तरीही या उत्पादनांचा वापर कृष्णवर्णीय महिलांमध्ये अधिक असल्याने जोखमीचा भारही त्यांच्यावरच अधिक पडतो. कंपन्यांनी न्यायालयात हे आरोप नाकारले आहेत.

केस सरळ करणाऱ्या उत्पादनांतील फॉर्माल्डिहाइडवर बंदीचा प्रस्ताव आणण्याचे अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये सूचित केले. त्यासाठी एप्रिल २०२४ हा मुहूर्त ठरला होता. तो टळला आणि त्यानंतरही मुदत वारंवार पुढे ढकलली गेली. युरोपीय महासंघात सौंदर्यप्रसाधनांत हे रसायन घालण्यास मनाई आहे.

गंगावनाच्या बाजाराशी भारताचा संबंध काय?

अमेरिकेत विकले जाणारे कृत्रिम केस आणि विग मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात. मानवी केसांच्या व्यापारात मात्र भारताचे स्थान महत्त्वाचे आहे. तिरुपतीला भाविक अर्पण करत असलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते आणि ते प्रक्रिया होऊन जगभर जातात. महाराष्ट्रातील गल्लीबोळांत गुंतवळाच्या बदल्यात भांडी देणारे फेरीवाले हीदेखील याच साखळीची पहिली कडी. भारतात नवस फेडून किंवा फणीतून निघून गेलेला केस अमेरिकेतील दुकानात शेकडो डॉलरच्या गंगावनाच्या रूपात दिसतो.

२०२५ मध्ये चीनच्या मालावरील शुल्क वाढले. ऑगस्टमध्ये भारताच्या बऱ्याच मालावरील शुल्कही ५० टक्क्यांवर गेले आणि नंतर दर बदलत राहिले. अशा अनिश्चिततेत मोठे साखळी उद्योग साठा करून ठेवू शकतात. एकटीच्या बळावर वेण्या घालणाऱ्या कारागीर महिलेला ते जमत नाही. तिला दर वाढवावा लागतो किंवा स्वतःचा नफा कमी करावा लागतो.

कमी पैशांत निगा कशी राखली जाते?

त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला आणि या समाजातील महिलांचा अनुभव येथे बराचसा जुळतो. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनुसार असे केस आठवड्यातून किंवा दोन आठवड्यांतून एकदा धुणे पुरेसे असते. रोज धुतल्याने कोरडेपणा वाढतो. शाम्पू टाळूला लावायचा आणि कंडिशनर प्रामुख्याने टोकांना. गुंता सोडवायचा तो केस ओले आणि कंडिशनरने निसरडे असतानाच, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे जात. या एका सवयीने तुटणारे केस बरेच वाचतात आणि तिला फणीखेरीज खर्च नाही.

न्हाल्यानंतर केस ओलसर असतानाच थोडे क्रीम किंवा तेल लावले जाते. तेल स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडून जाऊ देत नाही. म्हणून कोरड्या केसावर थापलेल्या तेलाचा फारसा उपयोग होत नाही. खोबरेल तेलाबाबत मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही जगभर उद्धृत होतो. खनिज तेल आणि सूर्यफूल तेलाच्या तुलनेत खोबरेल तेलाने केसातील प्रथिनांची झीज कमी होते, असे त्यात आढळले. अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीचा होता, हेही लक्षात ठेवायला हवे. काहींचे केस खोबरेल तेलाने राठ होतात. अशा महिला शीया बटर किंवा एरंडेल तेलाकडे वळतात.

बाजारातील ‘कर्ल जेल’ऐवजी अनेक जणी जवस पाण्यात उकळून, गाळून घट्टसर जेल बनवतात. ते फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावे लागते. रात्री साटीनची टोपी किंवा रुमाल बांधल्यास सुती उशीवर केस घासले जात नाहीत. घरच्या घरी घातलेले दुपेडी पीळ आठवडाभर टिकतात आणि रोजची विंचरणी वाचते.

वेण्यांबाबत मात्र सावधगिरी लागते. घातल्यावर डोके दुखत असेल, तर वेणी घट्ट आहे. सततच्या ताणाने कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात आणि वेळीच थांबले नाही तर ही गळती कायमची ठरते. टाळूच्या मध्यावर केस विरळ होऊ लागले, जळजळ वा खाज असेल, तर घरगुती उपायांत महिने घालवण्यापेक्षा डॉक्टरांकडे लवकर जाणे अंतिमतः स्वस्त पडते.

या सगळ्यातला मोठा खर्च वेळेचा आहे. धुणे, गुंता सोडवणे, पीळ घालणे यात अर्धा दिवस सहज जातो. म्हणूनच ‘वॉश डे’, म्हणजे न्हाण्याचा दिवस, ही तेथील घरांतली एक ठरलेली गोष्ट आहे. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईला स्वतःच्या आणि दोन मुलींच्या केसांसाठी एवढा वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न उरतोच. दहा-पंधरा मिनिटांत काम करणारा रिलॅक्सर गरीब वस्त्यांत का खपतो, याचे एक उत्तर त्यात आहे.

दुकाने आणि परवान्यांचा अडसर कुठे?

अमेरिकेतील काही दुकानांत कृष्णवर्णीयांची केशप्रसाधने चोरीच्या भीतीने कुलूपबंद कपाटात ठेवली जात. वॉलमार्टने ही पद्धत जून २०२० मध्ये बंद केली. दुसरा अडसर परवान्यांचा. वेण्या घालण्यात ना कात्री असते ना रसायन. तरीही नेब्रास्कात त्यासाठी २,१०० तासांच्या प्रशिक्षणाचा सौंदर्यतज्ज्ञ परवाना लागत असे. ती अट २०१६ मध्ये रद्द झाली. टेक्साससह अन्य राज्यांनीही नियम शिथिल केले. पण सर्वत्र तसे झालेले नाही. परवाना महाग असला की कारागीर कमी होतात आणि ग्राहकाचे बिल वाढते. उलट, परवानाधारक सलूनमध्ये असे केस हाताळता न येणारे कर्मचारी असतात. म्हणून न्यूयॉर्कने २०२३ मध्ये सर्व प्रकारच्या केसांचे प्रशिक्षण अभ्यासक्रमात बंधनकारक करणारा कायदा केला.

कायद्याने काय बदलले?

१९७६ मध्ये एका फेडरल अपील न्यायालयाने ॲफ्रो केशरचनेवरून होणारा भेदभाव वांशिक भेदभावात मोडू शकतो, असे मानले. मात्र १९८१ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने डोक्यालगत घातलेल्या वेण्यांवरील विमान कंपनीची बंदी ग्राह्य धरली. केस जन्मजात, पण वेणी ही निवड, असा तो युक्तिवाद होता. २०१६ मध्येही जटा कापण्यास नकार दिल्याने नोकरी गमावलेल्या महिलेच्या बाजूने निकाल लागला नाही. प्रत्यक्षात वेण्या, पीळ आणि जटा याच या केसांना तुटण्यापासून वाचवणाऱ्या कमी खर्चाच्या रचना आहेत. त्यांना मनाई म्हणजे सरळ केसांच्या खर्चाची सक्ती.

ही उणीव भरून काढण्यासाठी कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ‘क्राउन ॲक्ट’ केला. त्यानंतर २५ हून अधिक राज्यांनी असे कायदे केले. लष्करानेही २०२१ मध्ये महिला सैनिकांसाठी केशरचनेचे नियम सैल केले. देशव्यापी कायद्याचे विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सेनेटमध्ये अडकले. राज्यांच्या कायद्यांतही पळवाटा आहेत. टेक्सासमधील एका शाळेने जटा राखणाऱ्या विद्यार्थ्यावर केलेली कारवाई फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने वैध ठरवली. कायदा केसांच्या प्रकाराला संरक्षण देतो, लांबीला नाही, असा त्याचा आधार होता.

पुढे काय?

कृत्रिम केसांतील शिशाची मर्यादा ठरवणे, फॉर्माल्डिहाइडवरील रखडलेला निर्णय घेणे आणि उत्पादनांवर घटक स्पष्ट छापण्याची सक्ती करणे, या तीन मागण्या जोर धरत आहेत. न्यायालयातील दाव्यांचा निकाल काय लागतो, याकडेही लक्ष असेल. दरम्यान पाणी, साधे कंडिशनर, थोडे तेल आणि मोठ्या दातांची फणी एवढ्यावर निगा राखणाऱ्या महिलांची संख्या कमी नाही. त्यांचा खर्च आटोक्यात राहतो तो अशाच केसांनिशी नोकरी टिकते तेव्हा. जिथे मुलाखतीपूर्वी केस सरळ करणे भाग पडते, तिथे हा स्वस्त पर्याय असूनही नसल्यासारखाच आहे.