बगीच्याला सुटीत पाणी कोण घालणार?

शाळेच्या बगीच्यासाठी आपोआप पाणी देणारे यंत्र घ्यावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने त्यासाठी देणगी देऊ केली आहे. मोबाइलवरून चालणारा आणि हवामान पाहून स्वतःच पाणी कमी-जास्त करणारा कंट्रोलर घ्यावा, अशी त्यांची इच्छा आहे. देणगीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. यंत्र हवे, याबद्दलही दुमत नाही. गेल्या मे महिन्यात माळीकाका घरच्या लग्नासाठी गावी गेले आणि तेवढ्यात कुंपणाजवळची सोनचाफ्याची दोन्ही रोपे वाळली. ती लावणारी मुले जूनमध्ये शाळेत आली तेव्हा त्यांना काय सांगावे, हे आम्हांला सुचले नव्हते.

पण यंत्र कोणते घ्यावे, याबाबत आमचे मत वेगळे आहे. ते मोबाइलचे नसावे.

पहिली गोष्ट सुटीची. यंत्राची गरज सर्वांत जास्त मे महिन्यात, आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद. सुटी लागली की कार्यालयातले मेन स्विच खाली होते, त्याबरोबर इंटरनेटची पेटीही बंद. ती चालू ठेवली तरी जुन्या इमारतीच्या दीड हात जाडीच्या भिंतींतून तिचा सिग्नल मागच्या अंगणापर्यंत पोहोचत नाही. हे आम्ही मोबाइल हातात घेऊन फिरून पाहिले आहे.

दुसरी गोष्ट दाबाची, आणि तिच्याकडे कोणी लक्षच दिलेले नाही. असे बहुतेक कंट्रोलर 24 व्होल्टवर चालणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतात. त्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा पाण्याच्या दाबानेच उचलला जातो. नळाला सतत जोर असतो अशा ठिकाणी हे ठीक आहे. आपले पाणी मात्र गच्चीवरच्या टाकीतून येते. पाण्याच्या 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. आपली टाकी बगीच्यापासून जेमतेम 6 मीटर उंच, म्हणजे दाब 0.6 बार. पुष्कळ सोलेनॉइड व्हॉल्व्ह एवढ्या दाबावर नीट उघडत नाहीत, किंवा उघडले तर नीट मिटत नाहीत. त्याऐवजी आत मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह असलेला, बॅटरीवरचा टायमर मिळतो. तो कमी दाबावरही चालतो, त्याला वीज नको, इंटरनेट नको. दुकानदाराला एवढेच विचारावे, की हा टाकीच्या पाण्यावर चालेल का. त्याला सांगता आले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

हवामान पाहणारे यंत्र ऐकायला छान वाटते. पण राजवाड्यावर धो धो पाऊस आणि अन्नपूर्णेला लख्ख ऊन, हे इंदुरात कोणाला नवीन आहे? यंत्राला दूरच्या केंद्राचा अंदाज मिळणार, आपल्या वाफ्यातली माती नव्हे. शिवाय पावसाळ्यात माळीकाका हजर असतात. एक बटण दाबून ते टायमर थांबवू शकतात.

यंत्र दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असले की त्याचे आयुष्य आपल्या हाती राहत नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाची, घरातली उपकरणे एकत्र चालवणारी पेटी सुमारे 300 डॉलरला विकली जात असे. 2014 साली नेस्ट कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला आणि मे 2016 मध्ये सेवा बंद केली. पेट्या धडधाकट होत्या, पण निरुपयोगी झाल्या. देणगीच्या पैशाचे असे होऊ नये.

आता पाण्याचा हिशेब. आपली रोपे आणि लहान झाडे मिळून 45. प्रत्येकाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर लावले, तरी आपल्या दाबावर एकातून 3 लिटरच पडतील. रोज एक तास म्हणजे 270 लिटर. 2,000 लिटरची टाकी सात दिवस पुरेल. ती भरण्याचे काम कोणतेही यंत्र करणार नाही. नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात. मोटर चौकीदारालाच लावावी लागेल, आणि ते आताच त्यांच्याशी बोलून ठरवावे.

समोरचे लॉन मात्र यात जोडू नये. 200 चौरस मीटरला रोज 5 मिलिमीटर पाणी म्हणजे रोज 1,000 लिटर! 1978 पासून जलूदहून घाट चढवून आणलेले पाणी आपण पितो. ते मे महिन्यात हरळीवर ओतणे आम्हांला पटत नाही. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. पाहुण्यांना पिवळे लॉन दिसले तर दिसू दे.

साध्या टायमरलाही दोष आहेत. व्हॉल्व्ह उघडा असताना बॅटरी संपली तर टाकी रिकामी होईल. म्हणून सुटीच्या आदल्या दिवशी नवी बॅटरी घालावी. बोअरिंगच्या पाण्याने ड्रिपर तुंबतात, तेव्हा जाळीचा फिल्टर हवाच. आणि काही पालकांनी विचारले आहे की आता माळ्याचा पगार वाचेल का? वाचणार नाही. छाटणी, खत, आळी करणे हे टायमर करत नाही. वर्गांपुढच्या कुंड्याही पाचवीच्या मुलांच्या पाळीकडेच राहाव्यात. त्यांच्या झाऱ्यांनी व्हरांडा ओला होतो, ही तक्रार आम्हांला ठाऊक आहे.

खरेदी जानेवारीत झाली तर आठवीच्या मुलांना एक काम देता येईल. प्रत्येक ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली डबा ठेवून तासाभराने पाणी मोजायचे. दोन्हींत फार फरक निघाला तर नळ्या पुन्हा टाकाव्या लागतील, आणि तेवढ्यासाठी एप्रिलपर्यंत वेळ हाती असेल.