दानाची विहीर कुणाच्या बांधाला?



दिवाळी सरून थंडी पडली की धर्मादाय ट्रस्टांच्या गाड्या खेड्यांकडे वळतात. पिण्याच्या पाण्याची विहीर देऊ म्हणतात. देणाऱ्याच्या दानतीबद्दल आमचे काही म्हणणे नाही. सवाल एवढाच, की विहिरीची जागा ठरवली कुणी?

रीत ठरलेली आहे. गाडी डांबरी सडक सोडत नाही, म्हणून गाव सडकेवरचे. चहा पुढाऱ्याच्या ओसरीवर. आणि ट्रस्टचा नियम असा, की जागा गावाने फुकट द्यावी. अहो, फुकट जागा देणार कोण? दोन एकर कोरडवाहूवाला आपल्यातला गुंठा तोडून देईल काय? देतो तो, ज्याचा ऊस शेजारी उभा आहे. मग पाणाड्या येतो. त्याच्या तळहातावरचा नारळ नेमका त्याच बांधाला उभा राहतो! दिवसा बायाबापड्यांचे हंडे, रात्री वीज आली की मोटार. होळीनंतर हंडेही बंद.

आम्ही लहान शेतकरी, मोठा शेतकरी असा भेद करीत नाही. उसाला भाव मिळत नाही म्हणूनच मोठ्याचाही डोळा फुकटच्या पाण्यावर जातो. पण म्हणून गावाने तहानलेले राहायचे काय?

आपल्या दख्खनचा खडक काळा बसाल्ट. पाणी मुरते ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. एका बांधाला झरा, शंभर पावलांवर कोरडा कातळ, हे आपल्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. जानेवारीत कुठल्याही ओढ्याकाठी पाणी दिसते. विहिरीची परीक्षा मे महिन्यात, आणि तेव्हा पाहुणे येत नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात १९७२ पासून आहे, विहिरींच्या पातळीच्या नोंदी ठेवते. फीत कापण्याआधी तिथे चौकशी करणारे ट्रस्ट किती? पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असा कायदा राज्याने १९९३ साली केला. विहीर आटल्यावर तो कायदा वाचून दाखवायचा कुणाला?

जागेत जातही असते. वाड्याजवळची विहीर वस्तीतल्या बाईला जवळ असूनही लांब पडते. बाबा आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ उगाच उभी केली नव्हती.

दुसरी वाट माहीत नाही असेही नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकात पाणी वाटले ते जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही वाटा दिला, उसाला पाणी नाकारले. आधी हक्क ठरला, मग मोटार बसली.

तेव्हा ट्रस्टवाल्यांना नारळ फुटण्याआधी सांगा : जागा भर उन्हाळ्यात पाहा. ग्रामसभेत ठरवा, बायका हजर असताना. जमीन रीतसर खरेदी करा किंवा बक्षीसपत्र करून ग्रामपंचायतीच्या नावे चढवा. तोंडी दानाची विहीर घेऊ नका.

आणि जिल्हा मेळाव्याला येताना आपल्या गावच्या देणगीच्या विहिरीचा सातबारा काढून आणा. पाटीवर नाव कुणाचे आणि उताऱ्यावर कुणाचे, ते भर सभेत वाचू.