थंड की शांत?

मुंबईत असताना माझ्या कॉम्प्युटरचे पंखे मला कधी ऐकूच आले नव्हते. डहाणूला येऊन घरून काम सुरू केलं आणि कळलं की बाबा, हे यंत्र ओरडतं! इथे रात्री अकरानंतर सगळं गप्प. मधूनच एखादी मालगाडी, बाकी समुद्र... आणि आमचा डबा. शेवटी पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, "अरे, ते विमान उतरव आता." म्हणून वॉटर कूलिंग बसवलं. आवाज जवळपास तेवढाच!

तर मुद्दा असा, मंडळी. पाणी काहीच थंड करत नाही, ते फक्त हमाल आहे. प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपाशी नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, इथे नळ्या बंद. त्यामुळे मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असेल तर पाणी त्याच्या खाली जाणारच नाही, पंखे कितीही पळवा. आमच्या गावातलं ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्रही थंडाव्यासाठी खाडीचं पाणीच वापरतं. पण त्याला समुद्र मिळालाय, आपल्याला टेबलाखालची वीतभर जागा.

माझी चूक पंख्यांच्या सेटिंगमध्ये होती. ते प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले होते. ते तापमान क्षणात १५-२० अंश उडी मारतं, की पंखे लगेच किंचाळतात. पाणी मात्र आळशी. लिटरभर पाण्यात २०० वॅट ओतले तरी एक अंश चढायला साधारण २१ सेकंद लागतात. पंखे पाण्याच्या तापमानाला बांधले आणि ही धावपळच थांबली. शिवाय पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. वारा कमी पडतो, तो मोठ्या रेडिएटरने भरून काढायचा. वर मी प्रोसेसरची वॅटची मर्यादाही खाली आणली. बिल्डला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो.

आता फुल लोडवर ८० अंश दिसतात. मित्र म्हणतात, बापरे! अहो, आजच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादाच ९५ ते १०० अंशांची असते. ६० चा आकडा मिरवण्यासाठी घरच्यांची झोप मोडायची, हा कुठला हिशोब?

असो. हल्ली विमान उतरलंय, आई झोपते. पटतंय का बघा.