कचऱ्याच्या डब्यातला पट्टा

खिदिरपूरला बॉक्सिंगचं वेड जुनं. इथल्या क्लबात मुलीही ग्लोव्ह्ज चढवतात. टपरीवर चहाबरोबर वाद ठरलेला: न झालेल्या लढतीत कोण जिंकलं असतं?

मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळा आहे, ती लढत झालीच का नाही?

१९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसने रिडिक बोला हरवलं. पुढे दोघेही व्यावसायिक झाले. १९९२मध्ये विश्वविजेता बनलेल्या बोने लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. ती लढत कधीच झाली नाही. हौशी स्पर्धेत ड्रॉमध्ये नाव आलं की लढावंच लागतं. धंद्यात आधी वाटणीचा हिशेब होतो. एकही हार नसलेला बॉक्सर म्हणजे भांडवल, ते प्रवर्तक उगाच पणाला लावत नाही.

आपल्या फौजेचे हेवीवेट कौर सिंग १९८०मध्ये दिल्लीत मोहम्मद अलीसमोर उभे राहिले. लढत प्रदर्शनी होती, पण झाली. १९८२मध्ये त्यांनी आशियाई सुवर्ण जिंकलं.

इथल्या पोरींनी उद्या बॉक्सिंगमधून पैसा जरूर कमवावा. पण समोर कोण उभं राहणार, हे हिशेबाच्या वहीने ठरवू नये.