बारावीआधी अकरावी

मे महिन्यात पालीत घरोघरी मुंबईचे पाहुणे येतात आणि काही घरांत कुण्या ताई-दादाकडून आणलेली बारावी सायन्सची जुनी पुस्तकंही येतात. क्लास रत्नागिरीत, म्हणजे एसटीची दगदग आणि फी वेगळी. मग आपण ठरवतो, सुट्टीत घरीच फिजिक्स-मॅथ्स उरकून टाकू. तुम्हीही ठरवलंय ना?

पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स. चार पानांत गाडी अडते आणि मनात येतं, ‘क्लासवाले पुढे जाणार, आपल्याला नाही जमणार.’ थांबा! अडलंय ते बारावीत नाहीच.

पालीहून आंबा घाटाकडे जाणाऱ्या एसटीत वळणावर अंग बाहेरच्या बाजूला जातं, हे रोजचंच. वळणावर रस्ता आतल्या बाजूला उतरता का ठेवतात, कोणत्या वेगाला किती कोन लागतो, हे याच धड्यात आहे. पण उत्तर काढायला बलाचे दोन भाग करावे लागतात, साइन-कोसाइन लागतात. हे सगळं अकरावीच्या दुसऱ्या धड्यात आणि मॅथ्सच्या त्रिकोणमितीत होऊन गेलंय. आपण ते पेपरपुरतं केलं, एवढंच.

म्हणून सुट्टीचे पहिले पंधरा दिवस मागे जा. सीईटीतही साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचेच असतात.

आणि नुसतं बघत बसू नका. मी तेच केलं होतं. रोज तीन-तीन लेक्चर मोबाइलवर बघायचे, सगळं कळतंय असं वाटायचं. जूनमध्ये पहिल्या टेस्टला पेन हलेना. दुसऱ्याने सोडवलेलं कळणं वेगळं, आपल्याला सुटणं वेगळं.

पटत नसेल तर ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढता क्रम वजा करा : ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा पुन्हा तेच करत राहा, ६१७४ येईल आणि तिथेच थांबेल. आता स्वतःचा चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी हे शोधलं. त्यांच्याकडे संशोधनाची पदवी नव्हती, आकडेमोडीचा नाद होता.

तसंच करा. सोडवलेल्या उदाहरणाचं उत्तर कागदाने झाका, आधी स्वतः सोडवा. अडलं तर तिथे तारीख टाकून खूण करा. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत.

एक मागणी कॉलेजांकडेही. ‘सेल्फ स्टडी करा’ म्हणणं सोपं आहे. पण त्या खुणा घेऊन पोरांनी जायचं कुठे? मे महिन्यात आठवड्यातून एक सकाळ शंकांसाठी ठेवा. गावातून पहिली एसटी पकडून पोरं येतील.

तोवर तुम्ही खुणा करत राहा. जूनमध्ये वर्गात पहिला प्रश्न तुमचा असू दे.