नापास झालेला आवाज

अमीन सयानींची नक्कल सगळ्यांना येते. पण ज्या उच्चारांपायी त्यांना एकदा रेडिओवरून परत पाठवलं गेलं, ती गोष्ट आपल्या कोकणातल्या पोरापोरींनी ऐकायलाच हवी.

फेब्रुवारी आला की आपल्या फीडवर रेडिओ उगवतो. १३ तारखेला जागतिक रेडिओ दिन. त्यानंतर बरोबर आठवड्याने, २० तारखेला, अमीन सयानींचा स्मृतिदिन. २०२४ साली ते गेले, वयाच्या ९१व्या वर्षी. त्या दिवशी कुणीतरी 'बहनो और भाइयो' म्हणत रील टाकणार, खाली कुणीतरी 'व्हॉट अ व्हॉइस' लिहिणार, हे ठरलेलं. गंमत म्हणजे 'गीतमाला' बंद झाली १९९४ मध्ये. आपल्यापैकी कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी नक्कल ओळखू येते!

पण 'आवाजाचा जादूगार' हे विशेषण मला खटकतं. जादू म्हटली की विषय संपतो. त्यांच्याकडे देवाने दिलेला गळा होता, आपल्याकडे नाही, चला पुढे. आणि मग सावर्ड्याच्या, चिपळूणच्या, देवरुखच्या कॉलेजातली एखादी मुलगी माइक हातात घ्यायच्या आधीच ठरवून टाकते, की आपला आवाज 'तसा' नाही, आपले उच्चार 'तसे' नाहीत, हे काम पुण्या-मुंबईच्या मुलांचं.

तिला सांगा, की ज्याला आपण भारतीय रेडिओचा सर्वांत मोठा आवाज म्हणतो, तो आवाज नापास झाला होता. आणि तोही उच्चारांवर.

ओव्हलटीनचा डबा

अमीन सयानींचा जन्म २१ डिसेंबर १९३२चा, मुंबईतला. थोरले भाऊ हमीद सयानी इंग्रजी प्रसारणातलं मोठं नाव. त्यांचं बोट धरून धाकटा अमीन लहानपणीच आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर गेला आणि इंग्रजी कार्यक्रमांत भाग घेऊ लागला. पुढे हिंदी निवेदक व्हायचं म्हणून त्याने आकाशवाणीत चाचणी दिली. वाचन चांगलं आहे, पण उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाया आहे, असं सांगून त्याला नाकारण्यात आलं. हा किस्सा ते स्वतःच मुलाखतींमधून हसत हसत सांगायचे.

त्या वेळी ते सेंट झेवियर्समध्ये शिकत होते आणि रेडिओ सिलोनचे हिंदी कार्यक्रम त्याच आवारातल्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचे. भावाने सल्ला दिला, जाऊन बस तिथे, ऐक, शीक. ते प्रेक्षकांत जाऊन बसू लागले. एक दिवस 'ओव्हलटीन फुलवाडी' या कार्यक्रमात जाहिरात वाचणारा माणूस आलाच नाही. निर्माते बालगोविंद श्रीवास्तव यांनी समोर बसलेल्या मुलांतूनच कुणीतरी या म्हटलं, आणि अमीन उठले. पहिल्यांदा इतक्या जोरात वाचलं, की आवाज खाली आणायला सांगावं लागलं. पण काम मिळालं. मानधन काय? दर आठवड्याला ओव्हलटीनचा एक डबा.

म्हणजे आजच्या भाषेत, अनपेड इंटर्नशिप. डबा तेवढा जास्तीचा.

भाषा घरात शिकले

उच्चार त्यांनी घासून सुधारले. पण शब्द कुठले वापरायचे, हे ते घरात शिकले होते. आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. गांधीजींच्या प्रोत्साहनाने त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवत. ते नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघायचं, पण भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या माणसाला कळेल अशी. अमीन त्या कामात आईला मदत करायचे. म्हणजे 'हा शब्द वाचणाऱ्याला कळेल का?' हा प्रश्न त्यांना पोरवयातच लागला होता.

पुढे गाण्यांच्या क्रमवारीला त्यांनी 'पायदान' म्हटलं. जिन्याची पायरी कुणाला समजत नाही? वर्षातल्या अव्वल गाण्याला 'सरताज'. हे शब्द आज आपल्याला स्टाइल वाटतात. मुळात ती सोय होती, ऐकणारा कुठेही अडू नये म्हणून केलेली. चांगल्या बोलण्यासाठी ते सात 'स' सांगायचे: सही, सत्य, स्पष्ट, सरल, सभ्य, सुंदर, स्वाभाविक. सातांत 'सुंदर' आहे, पण सहाव्या नंबरवर. आवाजाचा भारदस्तपणा तर यादीत कुठेच नाही.

मंत्री एकीकडे, श्रोते दुसरीकडे

'गीतमाला' सुरू झाली ती ३ डिसेंबर १९५२ रोजी. त्या वर्षीच नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आपले पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. हिंदी सिनेमाची गाणी हलकी आहेत, असं त्यांचं मत होतं, आणि बघता बघता आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. हेतू वाईट नव्हता, शास्त्रीय गायक-वादकांना त्यांच्या काळात रेडिओने मोठा आधार दिला. पण लोकांनी काय ऐकावं हे वरून ठरवायला गेलं, की लोक शांतपणे बटण फिरवतात. इथेही तेच झालं. बटण फिरलं ते थेट सिलोनवर. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेले ताकदवान ट्रान्समीटर तिथे होते. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून शॉर्टवेव्हवरून आवाज परत आपल्याच देशात यायचा.

गीतमाला करायला अमीन सयानींना आठवड्याला २५ रुपये मिळत. सुरुवातीला सात गाणी लावून श्रोत्यांना त्यांचा क्रम लावून पाठवायला सांगायचे, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रं आली. पुढे आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला, असं ते सांगत. पत्रं मोजणं हाताबाहेर गेलं, तेव्हा स्पर्धा बंद करून रेकॉर्डच्या विक्रीवरून क्रमवारी लावायला सुरुवात झाली. नंतर ठिकठिकाणचे श्रोता संघही आपली पसंती कळवू लागले. दर बुधवारी रात्री आठ वाजता लोक रेडिओभोवती जमायचे. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. १९८९ मध्ये गीतमालाही तिथे आली, तोवर नाव बदलून 'सिबाका' झालं होतं. ज्या आकाशवाणीने हा आवाज नाकारला होता, तिच्याच घरी तो वाजतगाजत परतला.

आपल्याला त्या काळचं अप्रूप वाटतं ते व्ह्यूजच्या आकड्यांमुळे. पण पोस्टकार्डाला पैसे पडायचे, ते लिहावं लागायचं, पेटीत टाकावं लागायचं. लोक एवढं कशासाठी करतील? पलीकडचा माणूस आपल्याशी बोलतोय आणि आपलं ऐकतोय, अशी खात्री असल्याशिवाय नाही.

आणि तिकडे जॅझ

याच सुमारास, जानेवारी १९५५ पासून, अमेरिकेतून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर नावाचा माणूस रोज जॅझ ऐकवू लागला. जगभरातले लाखो लोक त्याला ऐकत, अगदी सोव्हिएत रशियातही, शॉर्टवेव्हची खरखर सोसत. इंग्रजी ही आपल्या श्रोत्यांची मातृभाषा नाही, हे लक्षात ठेवून तो मुद्दाम सावकाश, सुटं सुटं आणि सोपं बोलायचा. कित्येकांनी त्याला ऐकून इंग्रजी शिकून घेतलं. ही सेवा देशाबाहेरच्या श्रोत्यांसाठी होती, अमेरिकेत ती लावायला कायद्याने मनाई होती. त्यामुळे जगात गाजलेला हा माणूस स्वतःच्या गावात अनोळखीच राहिला. १९९६ मध्ये तो गेला.

एकाकडे जॅझ, दुसऱ्याकडे हिंदी गाणी. दोघांत काहीच सारखं नाही, एक गोष्ट सोडून. माइकसमोर बसताना दोघांनाही समोरचा माणूस दिसत होता. त्याला काय कळेल, कुठे अडेल, याचा विचार करून ते तोंड उघडायचे.

आता आपल्याकडे या

आपल्या कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये निवेदन ऐका. 'उपस्थित मान्यवरांचे सहर्ष स्वागत' अशी छापील मराठी, नाहीतर एफएमवरच्या आरजेची धापा टाकणारी नक्कल. आणि आपली संगमेश्वरी बोली? ती येते फक्त विनोदी स्किटमध्ये. गावचा म्हातारा, दारू प्यालेला काका, भोळी नोकराणी, हे पात्र आलं की 'पानी', 'हाय', 'नाय' सुरू. टाळ्या आपणच वाजवतो. स्वतःच्या आजीची भाषा आपल्याला फक्त हसण्यासाठी लागते, गंभीर बोलायचं झालं की आपण ती खिशात लपवतो.

हा नुसता अस्मितेचा मुद्दा असता तर एवढं लिहिलं नसतं. २२ जुलै २०२१ आठवा. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, वीज गेली, मोबाइल मुके झाले. अशा वेळी एक जवळचा, ओळखीचा, भरवशाचा आवाज किती लाखमोलाचा असतो, हे चिपळूणच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आता विचार करा, तो आवाज काय बोलेल? 'सखल भागातील नागरिकांनी सतर्कता बाळगावी' असं? की 'पानी चढतंय, गुरं सोडा नि वर या' असं? पहिलं वाक्य शुद्ध आहे. दुसरं वाक्य ऐकून माणूस उठतो.

तुम्ही म्हणाल, मग काय प्रमाणभाषा शिकायचीच नाही? शिकायची ना! अमीन सयानींनी नकारानंतर 'माझे उच्चार असेच, घ्यायचं तर घ्या' असं म्हटलं नाही. ते जाऊन बसले, ऐकलं, मेहनत घेतली. 'न' आणि 'ण' मधला फरक आपल्या जिभेवर यायलाच हवा, बातमी वाचायची असेल तर नक्कीच. पण उच्चार सुधारणं वेगळं आणि आपल्या घरच्या भाषेची लाज बाळगणं वेगळं. पहिल्याने माणूस तयार होतो. दुसऱ्याने तो गप्प बसतो. चाचणी घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं: उच्चार शिकवता येतात. समोरच्याचा विचार करून बोलायची सवय ज्याच्याकडे आधीपासून आहे, त्याला निव्वळ उच्चारांसाठी परत पाठवणं हा तोट्याचा सौदा आहे.

माइक कुठे आहे?

जवळच आहे. रत्नागिरीत आकाशवाणीचं केंद्र आहे, तरुणांसाठी 'युववाणी'सारखा कार्यक्रम आकाशवाणीने वर्षानुवर्षं चालवलाय. शिक्षणसंस्थांना स्वतःचं कम्युनिटी रेडिओ केंद्र काढायची मुभा आहे, २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' चालते, माणदेशातल्या लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलते. दुष्काळी म्हसवडला जे जमतं, ते आपल्याला का जमू नये? सावर्ड्यात चित्रकलेचं कॉलेज आहे, फार्मसी आहे, शेजारी डेरवणला मेडिकल आहे. औषध कधी घ्यायचं, साप चावला तर काय करायचं, नमन-जाखडीचा कार्यक्रम कुठल्या वाडीत आहे, हे सांगायला विषय कमी आहेत का? परवानगीच्या कागदपत्रांना वेळ लागतो, खर्चही येतो. तोवर मोबाइल आहेच. पॉडकास्टला कुणाची परवानगी लागत नाही.

फक्त एक करा. पुढचा एपिसोड रेकॉर्ड करण्याआधी स्क्रिप्ट कुणालातरी वाचून दाखवा. मित्राला नको, तो वाहवा करणार. सावर्डे स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या एखाद्या काकींना दाखवा. त्या जिथे 'म्हंजे काय गो?' म्हणतील, तिथला शब्द बदला. मग माइक चालू करा. आवाज कसा लागतोय, ते नंतर बघू.