सहलीत न भेटणारी माणसे

पनवेल मागे पडले की पळस्पे फाट्यावर रस्त्याच्या दोन वाटा होतात. एक गोव्याकडे वळते, दुसरी कोन गावावरून खोपोली-पुण्याकडे जाते. पावसाळा ओसरला की रविवारी या दोन्ही वाटांवर ऐतिहासिक स्थळे दाखविणाऱ्या सहलींच्या गाड्या धावू लागतात. माणशी ठरावीक वर्गणी, चहा-नाश्ता, जेवण, सोबत माहिती सांगणारा एक मार्गदर्शक आणि सूर्यास्तापूर्वी उरकायची तीन-चार स्थळे, असा त्यांचा शिरस्ता आहे. शाळांच्या सहलींची तऱ्हाही फारशी निराळी नसते. इतिहासाविषयीची ओढ वाढत असल्याचे हे लक्षण स्वागतार्हच आहे. परंतु दिवसभराच्या धावपळीनंतर प्रवाशाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे. किल्ला कोणी जिंकला, केव्हा गमावला, एवढे सांगून मार्गदर्शक पुढच्या स्थळाकडे निघतो. त्या भूमीत माणसे कोणते काम करून जगली आणि त्या कामाने त्यांना कोठे नेले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पळस्प्याहून गोव्याच्या वाटेवर लागणारे शिरढोण हे याचे जवळचे उदाहरण होय. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली येथे झाला. पुढे दिसणाऱ्या कर्नाळ्याच्या सुळक्याशीही त्यांच्या घराण्याचा संबंध होता. त्यांचे आजोबा त्या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. सहलीत हे सारे सांगितले जाते. १८७९ चे बंड, एडनची काळकोठडी आणि तेथेच १८८३ साली आलेला मृत्यू, हेही सांगितले जाते. ज्याच्यावर क्वचितच भर पडतो ती गोष्ट अशी की, हा बंडखोर कित्येक वर्षे पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात कारकून होता. आजारी आईला भेटण्यासाठी त्याला वेळेवर रजा मिळाली नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी खेडी त्याने डोळ्यांनी पाहिली. सरकारी हिशेब लिहिणाऱ्या हातात शस्त्र का आले, याचा उलगडा किल्ल्याच्या तटबंदीपेक्षा त्या कचेरीच्या मेजावर अधिक होतो. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकाला तो मुद्दाम समजावून सांगावा लागणार नाही.

हाच न्याय मुंबईच्या सहलींना लावला तर उणीव अधिक ठळक होते. गेटवे ऑफ इंडियापाशी उभ्या राहिलेल्या मंडळींना ताजमहाल हॉटेल १९०३ साली जमशेटजी टाटांनी उघडले, ही माहिती हमखास मिळते. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जन्मलेला एक कृष्णवर्णीय पियानोवादक १९३० नंतरच्या दशकात याच इमारतीत वाद्यवृंद चालवीत होता, हे किती जणांना ठाऊक असते? टेडी वेदरफोर्ड हे त्याचे नाव. जॅझ संगीताची कीर्ती ऐन भरात येत असताना शिकागोमध्ये तो आर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँग यांच्यासमवेत वाजवीत असे. १९२६ साली त्याने देश सोडला आणि आशियाची वाट धरली. शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता असा प्रवास करीत त्याने चरितार्थ चालविला. आर्मस्ट्राँग जगप्रसिद्ध झाले. वेदरफोर्ड १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला. तेव्हा त्याचे वय अवघे ४१ होते.

नाचघरातील या गोऱ्या साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या करमणुकीशी मराठी माणसाचा संबंध काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अगदीच गैरवाजवी नाही. त्या दालनाचे दार सामान्यांना उघडे नव्हते आणि मार्गदर्शकाने तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण तेथील सूर भिंतींच्या आत कोंडून राहिले नाहीत. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेले वादक पोटासाठी मुंबईत आले आणि अशा वाद्यवृंदांकडून त्यांनी जॅझ आत्मसात केले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील मैफलींना ओहोटी लागली, तेव्हा त्यांतील अनेकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाने आधार दिला. संगीतकाराने सुचविलेली चाल कागदावर स्वरलिपीत उतरविणे आणि प्रत्येक वाद्याचे काम बांधून देणे, हे कौशल्य त्यांच्यापाशी होते. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, आणि पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या सहकार्यातून १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी घडली. मराठी घराघरांत गुणगुणल्या गेलेल्या त्या चालींच्या मागे परक्या मुलखात उपजीविका शोधणाऱ्या वादकांची एक पिढी उभी आहे. श्रेयनामावलीत त्यांतील बहुतेकांची नावे आली नाहीत. निदान सहलीत ती यावीत, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

आता पुन्हा कोनकडे वळू. ज्या गावावरून सहलींच्या गाड्या न थांबता जातात, तेथे मुंबईच्या इतिहासाचाच एक तुकडा येऊन वसतो आहे. येथील भाडेतत्त्वावरील गृहप्रकल्पातील २,४१७ घरांची सोडत २०१६ साली गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी काढण्यात आली. कोविडच्या साथीत ती घरे अलगीकरणासाठी वापरली गेली आणि ताबा मिळण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांनी ज्या गिरणगावात हयात घालविली, तेथील अनेक गिरण्यांच्या जागी आज बाजारसंकुले आणि टोलेजंग इमारती आहेत. कोनमध्ये वाढणाऱ्या नातवंडांना आजोबा साचेखात्यात काय करीत, पाळ्या कशा चालत, हे पाहण्यासाठी जागाच उरणार नसेल तर ते निदान ऐकण्याची सोय तरी हवी. मात्र ते सांगू शकणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. किल्ल्याचे दगड आणखी शंभर वर्षे थांबतील. ही माणसे थांबणार नाहीत.

म्हणून सहलींची आखणी करणाऱ्या संस्थांनी आणि शाळांनी आपला क्रम थोडा बदलला पाहिजे. दिवसात चार स्थळांऐवजी दोनच घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी त्या जागेशी निगडित अशा एका माणसाच्या कामाची हकीकत तपशिलाने सांगावी. कोनसारख्या वसाहतीतील निवृत्त कामगाराला योग्य मानधन देऊन लालबाग-परळच्या सहलीत बोलण्यासाठी न्यावे. मार्गदर्शकाला पाठांतराऐवजी कागदपत्रे वाचण्याचे शिक्षण द्यावे आणि ऐकीव काय व सिद्ध काय, हा भेद श्रोत्यांपुढे ठेवण्याची सवय लावावी. यास वेळ लागेल, वर्गणीही कदाचित थोडी वाढेल. सहल ही विरंगुळ्यासाठी असते, तिला शिकवणीचे रूप देऊ नये, असेही कोणी म्हणेल. परंतु रजा नाकारलेल्या कारकुनाची, देशोधडीस लागलेल्या पियानोवादकाची किंवा साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराची कथा सनावळीपेक्षा रुक्ष आहे, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हेच या सहलींचे मोठे गिऱ्हाईक आहेत. आपल्यासारखी कष्ट करून जगणारी माणसे इतिहासात कोठे होती, हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे आणि तो त्यांनी गाडीत बसण्यापूर्वीच बजावला पाहिजे.